जूनमधली तपासणी

जून महिन्यापासून ओब्दुलिओ सिंत्रोनचं बूड एका जागी टिकत नव्हतं. जेवता जेवता उठायचा, गाडी काढायचा, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत यायचा. बायकोने विचारलं तर म्हणायचा, "टायरमधली हवा बघून आलो." तीन महिन्यांत त्या टायरांची जेवढी विचारपूस झाली, तेवढी त्याने सासूबाईंची सगळ्या जन्मात केली नसेल.

टायरांना काही झालेलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ओब्दुलिओचं काम टॉवरचं. बेटाच्या मधोमध, ओरोकोविसपासून मारिकाओपर्यंतच्या डोंगरात हौशी रेडिओवाल्यांचे एकोणीस टॉवर होते, मोटरने वर-खाली होणारे. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारखे चार लोखंडी टप्पे एकात एक शिरलेले. खाली मोटर, मोटरला ड्रम, आणि ड्रमवर गुंडाळलेली करंगळीपेक्षा बारीक पोलादी वायररोप. एक बटण दाबलं की टॉवर बहात्तर फूट वर, दुसरं दाबलं की एकवीस फुटांवर. वादळाच्या आधी खाली घेता यावा म्हणूनच लोक एवढा खर्च करतात. आणि हे सगळं धूड ज्याच्यावर लटकतं, ती म्हणजे ती वायररोप. ती तुटली तर वरचे टप्पे आतल्या आत सुऱ्यासारखे खाली येतात, आणि मध्ये कुणाचा हात-पाय असला तर तो गेला. म्हणून उभ्या टॉवरवर कुणी चढायचं नाही, हा पहिला नियम.

दर जूनमध्ये, वादळांचा हंगाम लागायच्या सुमारास, ओब्दुलिओ एकोणीसच्या एकोणीस टॉवरांची फेरी करायचा. सुती फडकं रोपभोवती धरून ती सगळी त्यातून ओढून काढायची. आत कुठे बारीकशी तार तुटलेली असली की फडकं तिथे अडकतं. मग खालच्या कार्डावर लिहायचं, 'रोप ठीक', आणि सही. "डोळ्याला फसवता येतं, फडक्याला नाही," हे वाक्य त्याचंच. सव्वीस वर्षं तो ते सगळ्यांना ऐकवत आला होता, लोकांना कंटाळा येईपर्यंत.

या जूनमध्ये एकोणीसपैकी पाच टॉवरांना नुसती सही मिळाली होती.

पहिला टॉवर इदेल्मिरोचा, हायुयाच्या वरच्या अंगाला. इदेल्मिरो म्हणजे त्याचा कोंपाद्रे. इदेल्मिरोच्या मुलीला, यादिराला, बाप्तिस्म्याच्या वेळी ओब्दुलिओने हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघांचं नातं सख्ख्या भावांपेक्षा जवळचं. त्या दिवशी सान हुआनचा सण होता आणि यादिराचा वाढदिवसही. अंगणात डुक्कर भाजलं जात होतं, त्याच्या बायकोचा, नेरैदाचा, तूर घातलेला भात झाकून ठेवलेला होता, आणि इदेल्मिरोने आपल्या हाताने रोपला काळं ग्रीस चोपडलं होतं, लग्नातल्या नवरीला हळद लावावी इतक्या हौसेने. "बघ, कशी चमकतेय!" तो म्हणाला. आता असं ग्रीस म्हणजे रोपची वाटच. खालची तुटफूट झाकली जाते आणि गंज आतच राहतो. बारीक तेल लावायचं असतं, हे ओब्दुलिओने त्याला दहा वेळा सांगितलं होतं. अकराव्यांदा सांगावं, रॉकेलने सगळं पुसावं, फडकं ओढावं, तर तासभर गेला असता, कोंपाद्रेचं तोंड पडलं असतं आणि भात गार झाला असता. ओब्दुलिओने सही केली आणि हात धुऊन पानावर बसला.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. पुढच्याच आठवड्यात लारेसला गुडघा ठणकत होता, तिथे सही. सियालेसला रोप दोनच वर्षांची आहे म्हणून सही. ओरोकोविसला पाऊस आला. मारिकाओला कारणही शोधावं लागलं नाही. मग मात्र त्याचा त्यालाच धक्का बसला आणि उरलेले टॉवर त्याने इतके घासून तपासले, की मालक वैतागले. पण त्या पाचांकडे परत जायला पाय उचलेना. परत जाऊन सांगणार काय? आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सप्टेंबर उजाडला, आणि बुधवारी सकाळी टीव्हीवरची बाई म्हणाली, वादळ रात्री आठला बेटावर चढेल.

ओब्दुलिओने चौघांना फोन लावले. "टॉवर आत्ताच्या आत्ता खाली घ्या. वारा सुटायची वाट बघू नका."

"आमच्याकडेही टीव्ही आहे रे बाबा," लारेसवाला हसून म्हणाला. सियालेसवाला म्हणाला, "दुपारी घेतो, आधी खिडक्यांना फळ्या मारू दे." ओरोकोविसवाल्याने नुसतं हूं केलं. मारिकाओचा फोन नुसता वाजत राहिला. कारण काय ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

पाचव्याला फोन न करता तो स्वतः निघाला. कोंपाद्रे हा प्राणी छप्पर उडेपर्यंत टॉवर उभा ठेवणारा. ओब्दुलिओचा बेत साधा होता. आपल्या हाताने टॉवर खाली घ्यायचा, घेता घेता गुपचूप रोप पुसून बघायची, खराब निघाली तर वादळानंतर काहीतरी निमित्त काढून बदलायची. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. घाटात लोक कच्ची केळी उतरवून ट्रकमध्ये भरत होते. हवा इतकी थांबलेली होती, की झाडाचं पान हलत नव्हतं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही. वळणावळणावर तो विनाकारण हॉर्न वाजवत होता.

साडेअकराला पोहोचला. गाडीतून उतरतानाच त्याने वर बघितलं. टॉवर ना वर होता, ना खाली. पन्नासेक फुटांवर लटकत होता, आणि ड्रमवरची रोप सैल पडून वेटोळी झाली होती.

"हे कधीचं?" तो ओरडला.

नेरैदा अंगणातल्या कुंड्या आत नेत होती. "अर्धा तास झाला. विचारा तुमच्या कोंपाद्रेला. खुर्चीतून उठायला नको म्हणून आतूनच बटण दाबून बसला. मोटर घरघरतेय, हा कानाला हेडफोन लावून गप्पा मारतोय!"

इदेल्मिरो बाहेर आला. बहात्तर वर्षांचा, बनियनवर, गळ्यात हेडफोन लटकलेला. "गप्पा नव्हत्या त्या. पोन्सेचे लोक औषधांची यादी देत होते. मला वाटलं, मोटर चालू आहे म्हणजे टॉवर उतरतोय."

"बटणाच्या वर मी कागद चिकटवलाय ना? कान मोटरकडे, डोळे टॉवरकडे!"

"कागद आहे ना, अजून आहे. मी कुठे काढलाय?"

झालं होतं ते असं. तीस फुटांवर जो आडवा हात असतो, अँटेनाची केबल लोंबू नये म्हणून धरणारा, त्यात केबलचा वेढा बसला होता. वरचे टप्पे त्या केबलवरच अडकून राहिले आणि मोटर बिचारी रोप सोडतच गेली. ओब्दुलिओने मोटरची वीज बंद केली, ड्रमला हाताचा दांडा लावला आणि सैल रोप हळूहळू गुंडाळून ताणून घेतली. दांडा फिरवताना त्याची नजर ग्रीसने माखलेल्या रोपवरून हलत नव्हती. काळं, जाड, गुळगुळीत. खाली काय आहे ते एका देवाला ठाऊक, आणि देव सही करत नाही.

तेवढ्यात यादिराची गाडी आली. छत्तीस वर्षांची, वीज कंपनीत खांबांवर चढणारी, आणि त्यामुळे चालण्यात जरा ऐट. "आशीर्वाद, पाद्रिनो!" ती गाडीतूनच ओरडली.

"देव तुझं भलं करो, पोरी." हे त्याच्या तोंडून आपोआप निघालं. या बेटावर धर्मपित्याचा आशीर्वाद मागितल्याशिवाय कुणी घरात शिरत नाही आणि घरातून निघत नाही, मग पोर छत्तीसची असो की साठीची.

"मला तीनला कामावर हजर व्हायचंय. आईने फोन केला, टॉवर अडकलाय म्हणून." तिने मान वर केली, डोळे बारीक केले. "एवढंच? केबल त्या हातात गुंतलीय. चढते, सोडवते, उतरते. दहा मिनिटं."

"उभ्या टॉवरवर चढायचं नसतं," ओब्दुलिओ म्हणाला.

"हो, माहितेय. पण तुम्ही नाही का चढलात लारेसला? टप्पे घसरू नयेत म्हणून त्यांत दोन लोखंडी पाइप आडवे घातलेत आणि चढलात. तुम्हीच तर सांगत होतात, मिशीला पीळ देऊन."

"तेव्हाची रोप नवी होती."

"ही पण ठीकच आहे की." तिने टॉवरच्या बुडाशी बांधलेलं कार्ड उलटं केलं आणि मोठ्याने वाचलं, "'रोप ठीक. चोवीस जून. ओ. सिंत्रोन.' अगंबाई, माझ्याच वाढदिवसाला!"

"सव्वीस वर्षांत याच्या सहीचा एक टॉवर पडलेला नाही," इदेल्मिरो कौतुकाने म्हणाला.

"तुझी ती लांब काठी आहे ना गाडीत? फायबरची?" ओब्दुलिओ घाईने म्हणाला. "तिला हूक लावू. लांब उभं राहून केबल ओढून तोडू."

"तोडू?" इदेल्मिरो पुढे आला. "ती केबल तोडली तर वादळानंतर मी बोलू कशावर? छपरावरच्या त्या वीतभर तारेवर? हायुयातला एक फोन चालणार नाही उद्या. मागच्या वेळी अकरा दिवस या टॉवरवरूनच लोकांच्या घरी निरोप गेले, विसरलास?"

"टॉवर पडला तर कशावर बोलशील?"

"पडेल कशाला? रोप ठीक आहे ना?"

यावर एक साधं उत्तर होतं. ते ओब्दुलिओच्या जिभेवर आलं आणि परत गेलं. त्याऐवजी तो म्हणाला, "मग मी चढतो. चढायचा पट्टा दे इकडे."

आणि खरोखरच त्याने यादिराच्या हातातून पट्टा ओढून घेतला. चौसष्ट वर्षांचं वय, गुडघ्यात वंगण नाही, तरी कमरेला बकल लावायला लागला. माणसाचं कसं असतं बघा. तीस फुटांवरून पडून मरायची त्याची तयारी होती, पण तीन शब्द बोलायची नव्हती. बकल लागेना. यादिरा हसली आणि तिने पट्टा हलकेच काढून घेतला.

"पाद्रिनो, परवा माझ्या घराच्या जिन्यावर तुम्हाला दोनदा बसावं लागलं. उगाच हट्ट करू नका."

आता वारा सुटला होता. पहिलाच झोत, आणि टॉवर वरच्या वर करकरला. वारा वाढला की टप्पे एकमेकांवर दाबले जातात, मग केबल सोडवूनही टॉवर उतरत नाही. घाई खरी होती, त्यामुळे कुणाला त्याच्या तोंडाकडे बघायला वेळ नव्हता. यादिराने दोन पाइप आडवे घातले, हातमोजे चढवले, पट्टा टॉवरभोवती फिरवला. डावा पाय पहिल्या आडव्या पट्टीवर ठेवला आणि वर बघतच, सवयीने म्हणाली,

"आशीर्वाद, पाद्रिनो."

ओब्दुलिओच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

छत्तीस वर्षांत हे उत्तर कधी चुकलं नव्हतं. ती पाळण्यात असताना, शाळेत जाताना, लग्नाच्या दिवशी, घटस्फोटाच्या दिवशी, पहिल्यांदा खांबावर चढली त्या दिवशी. यादिराने मागे वळून बघितलं. "पाद्रिनो? आशीर्वाद म्हटलं."

"उतर."

"काय?"

"उतर म्हणतो ना खाली! मी बघितलेली नाही."

"काय बघितलेलं नाही?"

"रोप! रोप बघितली नाही मी. जूनमध्ये. फडकं लावलंच नाही. नुसती सही केली आणि जेवायला बसलो."

यादिराने पाय खाली घेतला, पट्टा सोडला आणि टॉवरपासून चार पावलं मागे सरकली. मग तिने तिच्या गाडीतून रॉकेलचा डबा आणि स्वतःची जुनी बनियन आणली आणि त्याच्या हातात दिली. ओब्दुलिओने ड्रमच्या वरची हातभर रोप पुसायला घेतली. ग्रीसचा थर साबणाच्या वडीसारखा निघाला. खाली तांबडा गंज. अजून थोडं वर कापड फिरवलं आणि ते अडकलं. त्याने ओढलं, तर टर्रकन फाटलं. दात घासून झिजलेल्या ब्रशसारख्या बारीक तारा तिथे ताठ उभ्या होत्या, निम्म्याहून जास्त तुटलेल्या.

"अर्ध्या तारांवर उभा आहे," तो म्हणाला.

पुढचं काम झटपट झालं, कारण आता वाद घालायला कुणाचं तोंड नव्हतं. यादिराने काठी जोडली, सगळ्यांना घराच्या भिंतीआड उभं केलं आणि स्वतः आंब्याच्या झाडामागून, जेवढं लांब राहता येईल तेवढं राहून, वरच्या वेढ्यात हूक घातला. दोनदा सटकला. तिसऱ्यांदा तिने सगळं वजन टाकून खेचलं. केबल तुटली. वरचे टप्पे हातभर घसरले, रोपला हिसका बसला, आणि रोपने तो क्षणभर धरून ठेवला. मग आवाज झाला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा असा आवाज, की खालच्या आळीतले लोक हातोडे टाकून धावत बाहेर आले. तिघांनी बघितलं तोवर टॉवर खाली होता. तुटलेली रोप पुलीवरून सटकून अंगणभर फटकारत गेली होती आणि अँटेनाच्या नळ्या वाकून जमिनीला टेकल्या होत्या. लोखंडी पाइपांपैकी एक दुमडला होता, आणि दुसरा कापला गेला होता, अगदी सरळ.

यादिरा जवळ गेली. कापलेला तुकडा उचलून तिने तो हातात फिरवून बघितला आणि परत खाली ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

इदेल्मिरोने टॉवरकडे बघितलंच नाही. तो ओब्दुलिओच्या समोर येऊन उभा राहिला. "का नाही बोललास?"

"तू इतक्या हौसेने ग्रीस लावलं होतंस. तुला वाईट वाटलं असतं. आणि जेवण वाढलेलं, सगळे थांबलेले..."

"वाटलं असतं मला वाईट! दोन दिवस फुगून बसलो असतो. मग? दोन दिवसांचा माझा राग तुला माझ्या पोरीच्या जिवापेक्षा मोठा वाटला?"

"आणि माझ्या भाताला मध्ये ओढू नका, कोंपाद्रे," नेरैदा भिंतीपाशी उभी होती, तिथूनच म्हणाली. "भात गरम करता येतो."

ओब्दुलिओ मान खाली घालून उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण शिव्या कुणी दिल्या नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जीव अजूनही शांत होत नव्हता. बोलून टाकलं की माणूस हलका होतो म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक. तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता आणि त्याची नजर सारखी पश्चिमेच्या डोंगराकडे जात होती.

यादिराच्या ते लक्षात आलं. रोज तारांवर काम करणाऱ्या माणसाला कुठे करंट उरलाय ते लगेच कळतं. "पाद्रिनो," ती म्हणाली, "फक्त आमचाच?"

"नाही."

"किती?"

"पाच. तुमचा धरून."

"सांगितलंय त्यांना?"

"लवकर उतरवा म्हणून सांगितलं सकाळी. का ते नाही सांगितलं."

"मग इथे माती कसली उकरताय?"

ओब्दुलिओने फोन काढला. लागेना. नेरैदाचा लागेना, यादिराचाही लागेना. सगळं बेट एकदम एकमेकांना फोन करत होतं. घड्याळात दोन वाजायला आले होते, आणि सियालेसवाला दुपारी टॉवर उतरवणार होता.

"रेडिओ," ओब्दुलिओ म्हणाला. "छपरावरच्या तारेवर जमेल?"

"बेटापुरतं जमेल." इदेल्मिरो पुढे झाला, पण दारात थांबला. रागावलेला असला तरी शेवटी कोंपाद्रेच तो. हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. सगळं बेट ऐकतंय आज. फक्त एवढंच सांग, की अडकला तर चढू नका. कारण सांगायची काय गरज? इथली गोष्ट अंगणातच राहील, आम्ही तिघं कुणाला बोलणार नाही. या वयात दुसरं काय काम करणार आहेस तू?"

ओब्दुलिओला मोह झाला नाही असं नाही. झाला, चांगला झाला. पण सकाळचा तो हसणारा लारेसवाला त्याला आठवला. "कारणाशिवाय सकाळीच सांगून बघितलं, इदेल्मिरो. कारणाशिवाय कुणी ऐकत नाही. आणि कार्डावर माझी सही आहे. माझी सही बघूनच ते चढतील."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इदेल्मिरोने खुर्ची मागे ओढून दिली आणि माइक त्याच्यासमोर ठेवला. ओब्दुलिओने बटण दाबलं, आणि एवढी वर्षं रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला सुरुवात कशी करायची ते कळेना.

"ओब्दुलिओ सिंत्रोन बोलतोय. इदेल्मिरोकडून, हायुयाहून. दोन मिनिटं वाट मोकळी करा, तातडीचं आहे." त्याने माइक जवळ ओढला. "लारेस, सियालेस, ओरोकोविस आणि मारिकाओ. या जूनमध्ये तुमच्या टॉवरची रोप मी तपासलेली नाही. कार्डावर सही आहे, ती खोटी आहे. टॉवर अडकला तर कुणीही चढू नका. इथली रोप आत्ता तुटली. माझ्या धर्मकन्येचा पाय पट्टीवर होता. ऐकलंत का, ते एकेकाने कळवा."

बटण सोडल्यावर नुसती खरखर ऐकू आली. बाहेर वाऱ्याने कुठलातरी पत्रा वाजत होता.

"लारेस. ऐकलं. टॉवर खाली आहे." थोडं थांबून, "बरं नाही केलंस, ओब्दुलिओ."

"ओरोकोविस. ऐकलं. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

मग सियालेसवाल्याचा आवाज आला, "ओब्दुलिओ, काय म्हणालास? रोप काय?" आणि पुढे त्याने बटण सोडलंच नाही. खुर्ची पडल्याचा आवाज झाला. लांबून, बहुतेक खिडकीतून, तो जीव तोडून ओरडत होता, "खाली ये! राहू दे ते! खाली ये आधी!" सगळ्या बेटाने ते ऐकलं. ओब्दुलिओने टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती, की इदेल्मिरोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मिनिटभराने धापा टाकत आवाज आला, "उतरला. माझा जावई. उतरला. सियालेस, ऐकलं."

ओब्दुलिओ रडायला लागला. लपवायचा प्रयत्नही केला नाही. यादिरा दारात उभी होती, तिने निघायची वेळ झाली तरी घड्याळाकडे बघितलं नाही.

राहिलं मारिकाओ. तिथे इलुमिनादाबाई एकटी राहायची, एक्याऐंशी वर्षांची, नवऱ्याच्या मागे त्याचा टॉवर आणि रेडिओ दोन्ही चालवणारी. ओब्दुलिओने दोनदा हाक मारली. उत्तर नाही. तिसऱ्या हाकेला सावकाश, स्पष्ट आवाज आला.

"मारिकाओ. ऐकतेय मी, ओरडू नकोस. माझा टॉवर रविवारपासून खाली आहे. आणि रोपही नवी आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पोन्सेहून माणूस बोलावून बदलून घेतली."

"तुम्हाला माहीत होतं, बाई?"

"स्वयंपाकघरातून दिसतो मला टॉवर. तू आलास, वर बघितलंस, सही केलीस आणि गेलास. मला वाटलं, म्हातारी एकटी आहे, तिला काय कळतंय, म्हणून माझ्यापुरतंच केलं असशील. बाकीच्यांचं माहीत असतं तर मीच बोलले असते. तुझ्याबद्दल कुणाला सांगावंसं वाटलं नाही मला. म्हटलं, चांगला माणूस आहे, आपणहून सांगेल. म्हणून तुला विचारत राहिले."

"कधी विचारलंत, बाई?"

"दर शनिवारी."

दर शनिवारी सकाळी सगळी मंडळी रेडिओवर हजेरी लावायची. ओब्दुलिओचा आणि तिचा रामराम व्हायचा, हवापाण्याच्या दोन गोष्टी व्हायच्या, आणि मग ती न चुकता विचारायची, "आणखी काही सांगायचंय का, ओब्दुलिओ?" त्याला वाटायचं, म्हातारीला करमत नाही, बोलायला माणूस हवंय. जूनपासून असे अकरा शनिवार झाले होते. अकराही वेळा त्याने हसून उत्तर दिलं होतं, "नाही बाई. सगळं ठीक आहे."